भिंगरीचं कार्ड

नववं नाव वाचल्यावर धाकट्या डॉक्टरांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. नाव तिथेच होतं.

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दवाखान्यात कानाच्या बाई यायच्या. म्हणजे लहान मुलांचं ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञ. पण एवढं लांबण कोण लावणार, म्हणून कानाच्या बाई. दोन पेट्या, ठोकळ्यांची एक बादली आणि मागची खोली, जिच्या भिंतींना बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. ज्या मुलांबद्दल शंका असेल त्यांची नावं आठवडाभर आधीपासून काउंटरवरच्या कागदावर जमायची. आज आठ परकी मुलं होती आणि नववी भिंगरी, धाकट्या डॉक्टरांची सख्खी भाची, वय तीन वर्षं दहा महिने. अक्षर भावजयीचं होतं, बारीक आणि सरळ.

"हे बाबांनी पाहिलं का?"

"पाहिलं असतं तर छप्पर जागेवर असतं का?" वजनबाई म्हणाल्या. गेली तेहेतीस वर्षं त्या इथे मुलांना काट्यावर ठेवत होत्या. आता बाप्ये झालेल्या कितीतरी लोकांचं सहा महिन्यांचं असतानाचं वजन त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते त्या चारचौघांत सांगायच्याही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिला पेन मीच दिलं."

धाकट्या डॉक्टरांनी यादी खाली ठेवली. सकाळच्या लसींची रडारड अजून कानात होती, पुढ्यात चहा गार झाला होता, आणि एवढं सगळं असूनही त्यांना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्यांना लाज वाटली. कारण भावजय हे त्यांच्याशीही बोलली होती, दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी "बाबांशी बोलते" म्हटलं होतं, आणि बाबांशी बोलणं म्हणजे ओरडणं. कोण रोज उठून ओरडणार.

बाबा म्हणजे मोठे डॉक्टर. वय ब्याऐंशी. हा दवाखाना त्यांनी उभा केला, दहा वर्षांपूर्वी मुलीच्या हवाली केला आणि तरी रोज नऊच्या ठोक्याला येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. त्यांचे कान पंधरा वर्षांपूर्वीच दगा देऊ लागले होते. यंत्र आणलं, दोन दिवस लावलं, शिट्ट्या मारतं म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यापेक्षा त्यांनी घरालाच वळण लावलं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर यायचं, तोंड उघडं ठेवून मोठ्यांदा बोलायचं, आधी खांद्याला हात लावायचा किंवा जमिनीवर पाय आपटायचा. बघता बघता सगळं घर एकमेकांशीच तसं बोलू लागलं. पाहुणे आले की त्यांना वाटायचं भांडण चाललंय.

त्या घरात हळू बोलणारी एकटी सून, भिंगरीची आई. ती ग्रंथालयात काम करायची, दिवसभर कुजबुजायची सवय. "तिचं बोलणं वाचावं लागतं," असं तिचा नवरा कौतुकाने म्हणायचा.

दीड वाजता शेवटचं परकं मूल आईच्या कडेवरून गेलं आणि दवाखान्यात फक्त घरचे उरले. बसायला मुलांच्या बुटक्या खुर्च्याच होत्या. त्या भिंगरीच्या बापाने केलेल्या. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला रामराम ठोकून त्याने सुतारकी धरली तेव्हा बापलेकांत दोन वर्षं अबोला होता. तो मिटला तो याच खुर्च्यांवर. तेव्हापासून वडिलांना दुखवायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"सुतावरून स्वर्ग गाठू नकोस," तो बायकोला म्हणाला. "मीसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. विचार ताईला."

"बोलला नव्हतास," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. "पण मी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला की तिसऱ्या खोलीतून धावत यायचास."

"म्हणजे तूही तिच्या बाजूची?"

"मी कुणाच्या बाजूची नाही. मी आठवलं ते सांगितलं."

मोठ्या डॉक्टरांना हे ऐकू गेलं नव्हतं, पण चेहरे त्यांना वाचता यायचे. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं, आणि मुलाने समोर जाऊन, वाकून, खणखणीत आवाजात सांगितलं की भिंगरीचे कान तपासायचे आहेत, तिच्या आईने नाव घातलंय.

"रांगेत?" मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांना राग आला नाही, वाईट वाटलं. "अगं, घरात मी आहे, ही आहे. घरातलं मूल रांगेत कशाला उभं करायचं? मी पाहिलंय तिला. एकदा नाही, दहादा."

सून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते ती?"

"ती म्हणते, पाहिलंय, पण तपासलं नाही," वजनबाई गरजल्या. त्यांनी शब्द जरा झणझणीत केले होते, पण सुनेने ते दुरुस्त केले नाहीत.

भिंगरी या सगळ्यांच्या मधोमध उभी होती. हे नाव तिला आजोबांनीच दिलं होतं, कारण पोर स्थिर उभी राहायची नाही. ती पळायची नाही की उड्या मारायची नाही. जागच्या जागी गर्रकन फिरायची. इकडे बघ, तिकडे बघ, मागे बघ. आत्ताही ती बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे एकेकदा बघत होती, आणि कुणाचं बोलणं संपायच्या आतच तिची मान पुढच्या बोलणाऱ्याकडे वळलेली असायची. एवढ्या चलाख पोरीला कोण बहिरी म्हणेल? धाकट्या डॉक्टरांनीही म्हटलं नव्हतं.

"आत्ताच दाखवतो," मोठे डॉक्टर म्हणाले आणि उठले.

काउंटरवर पितळेची घंटा होती, टिचकी मारली की किणकिणणारी. त्यांनी ती उचलली, नातीच्या पाठीमागे चार पावलांवर जाऊन उभे राहिले आणि वाजवली. भिंगरी गर्रकन वळली. आजोबांच्या हातात घंटा बघून खुदकन हसली.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांकडे पाहिलं. "हे आणि असं दहादा."

भिंगरीच्या बापाने श्वास सोडला. सुनेने मान खाली घातली. तिच्या मनात आलं, आपण खरंच वेडेपणा केला का? दीड वर्ष ती हेच ऐकत होती, की पहिलटकरीण आहे, काळजी जास्त करते, पुस्तकं जास्त वाचते.

मागच्या खोलीच्या दारात कानाच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या पुढे आल्या, मोठ्या डॉक्टरांच्या समोर येऊन, तोंड नीट उघडून म्हणाल्या, "सर, अजून एकदा वाजवाल? पण आधी एक करू या. बाकी सगळ्यांनी डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. मी माझ्या वहीत बघते."

"डोळे कशाला?"

"गंमत म्हणून."

मोठे डॉक्टर पुन्हा भिंगरीच्या मागे गेले. चौघांनी डोळे मिटले. बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली, डोळे मिटलेली चार मोठी माणसं. भिंगरीला हा खेळ नवा होता. ती एकेकाकडे बघू लागली.

घंटा वाजली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा मोठ्या डॉक्टरांनी टिचकी एवढ्या जोरात मारली की बाजूच्या खिडकीची काच किणकिणल्यासारखी वाटली.

भिंगरी वळली नाही. ती आईजवळ गेली आणि तिने दोन बोटांनी आईची मिटलेली पापणी वर उचलली. मग बापाची. मग आत्याची. कुणीतरी डोळे उघडा, मला काही कळत नाहीये, असं तिचं चाललं होतं. वजनबाईंनी तर आधीच उघडले होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"घंटा वाजली की तुम्ही सगळे घंटेकडे बघता," कानाच्या बाई म्हणाल्या. "आणि ती तुमच्या डोळ्यांकडे बघते."

मोठे डॉक्टर घंटा हातात धरून तसेच उभे होते. त्यांना हे शेवटचं वाक्य ऐकू गेलं नव्हतं, आणि तरी ते त्यांना सगळ्यांत आधी कळलं होतं. घंटा वाजवणाऱ्याला सगळं दिसत असतं.

गाद्यांच्या खोलीत धाकट्या डॉक्टर भाचीबरोबर गेल्या. आई नको, बाप नको, असं कानाच्या बाईंनीच सांगितलं होतं. आईकडे बघून पोरं उत्तरं देतात. खेळ साधा होता. कानांवर टोप्यांसारखी यंत्रं, हातात ठोकळा. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा.

भिंगरीने पहिल्या पाच वेळा पाचही ठोकळे बरोबर टाकले. धाकट्या डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. कानाच्या बाईंनी मात्र यंत्र थांबवलं, उठल्या, आणि कोपऱ्यातल्या औषधांच्या कपाटाच्या काचेवर टॉवेल टाकला.

"काय झालं?"

"काचेत माझा हात दिसतोय तिला. बटण दाबलं की खांदा हलतो." बाई परत येऊन बसल्या. "सव्वीस वर्षं हे काम करतेय. मोठी मुलं असली चलाखी करतात. एवढीशी पोर पाचव्या मिनिटाला काच शोधते, हे मी पाहिलं नव्हतं."

त्यानंतरचा अर्धा तास धाकट्या डॉक्टर नुसत्या बघत राहिल्या. जाडा, खोल आवाज आला की ठोकळा पडायचा. आवाज बारीक झाला की पोर थांबायची, आणि मग कामाला लागायची. बाईंच्या पापण्या. बाईंचा श्वास. टेबलाच्या फळीवर पालथा ठेवलेला स्वतःचा तळहात, कारण यंत्र सुरू झालं की फळी किंचित थरथरते. ती लबाडी करत नव्हती. आवाज म्हणजे असंच काहीतरी असतं, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं. जग तिला असंच मिळालं होतं. धाकट्या डॉक्टरांनी दवाखान्यात हजारो मुलं तपासली होती. पुस्तकात नसलेलं काही त्यांना क्वचितच दिसायचं. आज त्यांना आपल्या भाचीसमोर उभं राहावंसं वाटलं, शाळेत मोठ्या बाई आल्यावर उभं राहायचो तसं.

"तुमच्या घरात मोठ्यांदा बोलतात का?" कानाच्या बाईंनी आलेख काढता काढता विचारलं.

"बाबांसाठी. समोर येऊन. खांद्याला हात लावून."

"तरीच." बाईंनी पेन ठेवलं. "जाडे आवाज येतात, बारीक आणि हळू येत नाहीत. दुसऱ्या कुठल्या घरात असती तर वर्षाची व्हायच्या आत कुणालाही कळलं असतं. तुमच्या घराची घडीच अशी की हिला फारसं अडलंच नाही. जिथे अडलं, तिथे तिने स्वतः सोय केली."

"आणि आता?"

"आता शाळा येईल. तिथे कुणी खांद्याला हात लावत नाही. यंत्रं लावू, दोन्ही कानांना. सोमवारपासून आमचा ऐकू-बोलू वर्ग सुरू होतोय, आठवड्यातून दोनदा, सोबत घरातलं एक माणूस. जागा आहे. उशीर आधीच झालाय, ताई. अजून वर्षभर वाट बघितली तर शब्द हातून जातील, आणि मग ते आणायला दुप्पट कष्ट."

बाहेर आल्यावर कानाच्या बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्या डॉक्टरांच्या समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा. भिंगरीचा बाप उठला आणि बायकोच्या शेजारच्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसला, तिच्या बाजूला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण जरा सरकून जागा दिली.

"वर्गासाठी मुलीच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते," बाई म्हणाल्या. "आणि कार्डाची नक्कल. हिचे नेहमीचे डॉक्टर कोण?"

मोठ्या डॉक्टरांनी धाकट्या डॉक्टरांकडे पाहिलं. धाकट्यांनी मोठ्यांकडे.

"बाबांनीच पाहिलंय तिला," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या.

"मला वाटलं, लसी देतेस तेव्हा तू पाहतेस," मोठे म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही."

"कार्ड आणा," मोठ्या डॉक्टरांनी वजनबाईंना सांगितलं.

वजनबाई हलल्या नाहीत. भिंतीला लागून पिवळ्या कार्डांचे सोळा ड्रॉवर होते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या सगळी कार्डं चाळायच्या. ज्याची लस राहिली, वजन राहिलं, सहाव्या आठवड्याची कानांची तपासणी राहिली, त्याच्या घरी त्या फोन करायच्या. उचलला नाही तर चालत जायच्या. त्या ड्रॉवरमधून आजवर एक मूल निसटलं नव्हतं.

"तिचं कार्ड नाही, डॉक्टर," त्या समोर येऊन म्हणाल्या. मोठ्यांदा, पण आज त्या आवाजात गर्जना नव्हती. "घरच्या मुलांचं कार्ड काढायचं नाही, हा तुमचाच नियम. तुमच्या पोरांचं नव्हतं, हिचंही नाही. म्हणून मी फोन केला नाही. कुणाला करणार होते?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मोठे डॉक्टर खाली बसले. खुर्ची बुटकी होती, ते अंदाजापेक्षा खोल गेले, आणि मुलगा सावरायला उठला तर त्यांनी हातानेच त्याला बसवलं. चाळीस वर्षं त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना एकच धडा दिला होता. कार्डावर पहिली ओळ छापलेली असते: आई म्हणते. ती आधी भरायची. तिच्याच शब्दांत भरायची, शहाणपणा न करता. त्याच्याखाली: डॉक्टर म्हणतात. आधी आईचं वाक्य, मग आपली अक्कल. ते वाक्य त्यांना आपल्या सगळ्या आयुष्याचं सार वाटायचं. "दूध पितो पण बघत नाही." "डावा पाय रुसलाय." कानाच्या बाई लहान असताना त्यांच्याही आईचं वाक्य याच भिंतीत कुठेतरी होतं: "पोर झोपत नाही आणि मीपण." हजारो आया त्यांच्यासमोर बसून बोलल्या, त्यांनी लिहिलं, आणि बहुतेक वेळा त्या बरोबर निघाल्या. आणि घरातली ही एक आई चार वर्षं त्यांच्याच टेबलाशी जेवत होती.

"कोरं कार्ड द्या," ते म्हणाले.

वजनबाईंनी दिलं. त्यांनी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. वजन विचारलं, तर वजनबाईंनी न मोजता सांगितलं आणि ते बरोबर होतं, कारण त्या रोज तिला उगाचच उचलायच्या. मग त्यांनी पेन पहिल्या ओळीवर टेकवलं, चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं, आदराने विचारलं, "बोला. आई काय म्हणते?"

सून बोलू लागली. तिच्या नेहमीच्या आवाजात. नवऱ्याला सवय होती. तिचं वाक्य उचलून वडिलांसाठी मोठ्यांदा म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"तू थांब," मोठे डॉक्टर म्हणाले. आणि सुनेला, "तूही थांब जरा."

त्यांनी वजनबाईंना खिडकीखालचा ड्रॉवर दाखवला. आतली डबी पंधरा वर्षं जुनी होती. पण यंत्राची बॅटरी नवी निघाली. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या तारखेला कार्डं चाळून झाली की वजनबाई ती बदलायच्या, कुणाला न सांगता. यंत्राने कानात शिरताना शिट्टी मारली. भिंगरीने ते पाहिलं आणि ती आजोबांच्या गुडघ्याशी येऊन त्या कानातल्या वस्तूकडे टक लावून उभी राहिली. मग सवयीने तिने सगळ्यांचे डोळे पाहिले. सगळे तिकडेच बघत होते. म्हणजे ते महत्त्वाचं होतं.

"आता सांग," ते म्हणाले. "तुझ्याच आवाजात. मोठ्यांदा नको."

"ती पाठमोरी असली की मला ओळखत नाही," सून म्हणाली. "दिवा घालवला की मी नुसती हाक मारून तिचं रडं थांबत नाही. हात लावला की थांबतं. मी गाते ते तिला माहीतच नाही." ती थांबली. मग म्हणाली, "मी दीड वर्ष सांगतेय."

मोठे डॉक्टर लिहीत होते. शेवटच्या वाक्यापाशी पेन थांबलं. सगळ्यांना वाटलं, ते गाळतील. त्यांनी तेही लिहिलं, जसंच्या तसं, आणि सगळ्या आयांना वाचून दाखवायचे तसं वाचून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर."

त्याच्याखाली डॉक्टरांची ओळ होती. तिथे ते नेहमी बरंच लिहायचे. नात त्यांच्या कानाला हात लावून बघत होती आणि त्यामुळे अक्षर हललं, पण वाचता येण्यासारखं होतं. त्यांनी लिहिलं: आईचं खरं आहे. खाली सही केली, वर्गासाठी सोमवारची तारीख घातली आणि कार्ड वजनबाईंच्या हातात न देता सुनेच्या हातात दिलं.